आकाशातला दगड वळवायला शिकायचं कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या मुलांना एसटीनं लोणारला, आकाशातल्या दगडानं पाडलेला खड्डा बघायला घेऊन जातो. असे दगड, म्हणजे लघुग्रह, वळवायला आणि पकडायलाही माणसानं शिकलं पाहिजे, असं मी तिथं सांगतो. परत आल्यावर महिनाभर त्यावर प्रश्न चालू असतात. मुलांचे असतात, पालकांचे असतात, कधी पारावर बसलेली म्हातारी माणसंही थांबवून विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत.

लघुग्रह, उल्का, अशनी हे सगळं एकच ना?

नाही. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा खडकाचा किंवा धातूचा गोळा. तो काही मीटरचा असू शकतो, शेकडो किलोमीटरचाही असतो. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरतात. काहींची वाट मात्र पृथ्वीच्या वाटेजवळून जाते किंवा तिला छेदते, त्यांना पृथ्वीनिकट लघुग्रह म्हणतात. वातावरणात घुसून पेटलेल्या तुकड्याची रात्री दिसणारी रेघ ती उल्का, आणि न जळता जमिनीपर्यंत पोचलेला तुकडा तो अशनी. या पानावर काळजी आहे ती पृथ्वीनिकट लघुग्रहांची.

आपल्या भागात असं काही कधी पडलंय का?

पडलंय. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात मोडतं. पण मंठा, जिंतूर, सेनगावकडच्या लोकांना ते आपलंच वाटतं, इतकं जवळ आहे. स्थानिक कथा सांगते, की लवणासुर तिथं जमिनीखाली दडून बसला होता आणि विष्णूनं दैत्यसूदन रूपात येऊन त्याचा वध केला. त्या नावाचं देखणं मंदिर गावात उभं आहे. भूशास्त्र सांगतं, की आकाशातून आलेला एक दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं इथं आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल खड्डा पडला.

हा खड्डा ज्वालामुखीचा नाही कशावरून? बरीच वर्षं अनेकांना तो ज्वालामुखीचाच वाटत होता, कारण आजूबाजूला सगळा लाव्ह्याचाच काळा पाषाण आहे. मग खड्ड्यात खोल बोअर घेऊन नमुने काढले आणि त्यांत मास्केलिनाइट सापडलं. दगडातलं फेल्डस्पार नावाचं खनिज आघाताच्या प्रचंड दाबाखाली काचेसारखं होतं, ते हे. ज्वालामुखीत एवढा दाब क्षणभरात निर्माण होत नाही. हे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. खड्ड्याच्या वयाबद्दल अजून एकमत नाही : एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार. पृथ्वीच्या हिशोबात दोन्ही आकडे कालपरवाचे.

कड्यावर उभं राहिलं की मुलं आधी गोंगाट करतात, मग हळूहळू गप्प होतात. पलीकडच्या काठावरचा माणूस दिसतच नाही, एवढं अंतर आहे. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, हे व्हायला किती वेळ लागला?" तिला वाटलं होतं हजारो वर्षं लागली असतील. खड्डा पडायला काही सेकंद पुरले, म्हटल्यावर तिनं कठड्यावर ठेवलेला हात काढून घेतला.

तुम्ही तर किल्लारीचा भूकंप बघितलेले. तुम्हाला आकाशातल्या दगडांची काळजी कशाला?

हा प्रश्न मला गावातलीच माणसं विचारतात. माझं सगळं म्हणणं याच उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, सगळं गाव दमून झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा सहावीत होतो, आमचं गाव औसा तालुक्यात. आमची घरं दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंतींची, वर लाकूड टाकून त्यावर मातीचं माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर आणखी एक थर चढायचा, त्यामुळे घर उन्हाळ्यात गार राहायचं. त्या पहाटे ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. आमचं माळवद एका कोपऱ्यात अडकून राहिलं, म्हणून मी आज हे लिहितोय. शेजारच्या घरातलं कुणी उरलं नाही. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून बावन्न गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली.

पुढं मी विज्ञान शिकायला लागलो आणि एक प्रश्न कायम सोबत राहिला : हे आधी कळू शकलं असतं का? उत्तर नाही असंच आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं भूकंप होईल हे आजही जगात कुणाला सांगता येत नाही. पूर आणि वादळ काही दिवस आधी कळतं, पण थांबवता येत नाही. दुष्काळ डोळ्यांसमोर येत राहतो आणि आपण आभाळाकडं बघत बसतो.

लघुग्रहाचं तसं नाही. तो गणितानं चालतो. एकदा त्याची वाट नीट मोजली की पुढची कित्येक दशकं तो कुठल्या तारखेला कुठं असेल, हे काढता येतं. आणि वेळेत कळलं तर त्याला बाजूला सारता येतं. मला माहीत असलेल्या सगळ्या नैसर्गिक आपत्तींत वर्षानुवर्षं आधी सांगून येणारी आणि माणसाला पूर्ण परतवता येण्यासारखी ही एकच. ढिगाऱ्याखालून हाका ऐकलेल्या माणसाला, सांगून येणाऱ्या संकटाकडं कुणी काणाडोळा केलेला बघवत नाही.

पण खरंच असा धोका आहे का, की उगाच भीती घालताय?

आज माहीत असलेला एकही मोठा लघुग्रह पुढच्या शंभर वर्षांत आपल्यावर नक्की आदळणार, असं नाही. एक किलोमीटरपेक्षा मोठे म्हणजे जगभर हाहाकार करू शकतील असे लघुग्रह जवळजवळ सगळे शोधून झालेत. अडचण मधल्या आकाराची आहे. १४० मीटरच्या वरचे पृथ्वीनिकट लघुग्रह सुमारे २५ हजार असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. असा एक पडला तर आपला एखादा अख्खा जिल्हा जाईल.

लहानही कमी नसतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर जेमतेम २० मीटरचा दगड जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेनं आला, म्हणून कुणालाच आधी दिसला नाही. लख्ख उजेड पडला तसे लोक काय झालं बघायला खिडक्यांपाशी गेले. हवेचा धक्का पोचायला त्यानंतर मिनिटभराहून जास्त वेळ लागला आणि तो आला तेव्हा काचा तोंडावर फुटल्या. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले. तिथल्या एका शिक्षिकेनं उजेड दिसताच वर्गातल्या मुलांना बाकांखाली बसवलं. मुलांना ओरखडाही आला नाही, काचांनी तिचा हात मात्र कापला. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि सांगून झाल्यावर मुलांना एकदा बाकांखाली बसवून बघतो.

आणि अगदी अलीकडचं. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला २०२४ वायआर४ नावाचा सुमारे ६० मीटरचा लघुग्रह दिसला. तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता मोजता मोजता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर गेली. या आकाराच्या लघुग्रहाबाबत एवढी शक्यता याआधी कधीच निघाली नव्हती. तो पडू शकेल असा जो पट्टा काढला होता, तो प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशियापर्यंत येत होता. म्हणजे आपणही त्यात होतो. पुढच्या काही दिवसांत आणखी मोजमापं आली आणि पृथ्वीचा धोका संपला. पण समजा उलट झालं असतं? तो नीट दिसण्याची पुढची संधी २०२८ मध्ये, आणि यान बांधायलाच काही वर्षं लागतात. वेळ किती उरला असता, तुम्हीच मोजा.

वळवता येतो हे कागदावरचं की कुणी करून बघितलंय?

करून बघितलंय. नासाचं डार्ट हे यान २६ सप्टेंबर २०२२ ला डायमॉर्फॉस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम नेऊन आदळवलं. डायमॉर्फॉस सुमारे १६० मीटरचा, म्हणजे बीबी का मकबऱ्यासारख्या दोन-तीन इमारती त्याच्या पोटात मावतील. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती चंद्रासारखा फिरतो. यान जेमतेम पावणेसहाशे किलोचं होतं, वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर. पृथ्वीपासून अंतर एक कोटी किलोमीटरहून जास्त.

धडकेआधी डायमॉर्फॉसला एक फेरी मारायला ११ तास ५५ मिनिटं लागायची, नंतर ११ तास २३ मिनिटं लागू लागली. फेरीत ७३ सेकंदांचा जरी फरक पडला तरी मोहीम यशस्वी, असं आधी ठरवलेलं होतं. पडला बत्तीस मिनिटांचा. कारण फार सुंदर आहे. धडकेनं लघुग्रहावरची माती-दगड मागच्या दिशेला कारंज्यासारखी उडाली आणि त्या उडण्याचा उलटा धक्का लघुग्रहालाच बसला. नुसत्या यानाच्या धक्क्यापेक्षा एकूण ढकल साधारण साडेतीन पट झाली.

माणसानं एखाद्या आकाशस्थ गोलाची वाट जाणूनबुजून बदलली, ती ही पहिली वेळ. आता युरोपचं हेरा हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय. ते तिथं जाऊन डायमॉर्फॉसचं वजन आणि धडकेच्या खुणा मोजणार आहे.

एवढ्या मोठ्या दगडाला पृथ्वी चुकवण्याएवढं ढकलायला किती जोर लागेल?

वाटतं त्यापेक्षा खूप कमी. पाटी घ्या आणि मांडून बघा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं पळते आणि तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या अंगाएवढं अंतर ती सात मिनिटांत ओलांडते. लघुग्रह त्या जागी सात मिनिटं उशिरा पोचला तर गाडी निघून गेलेली असते.

आता समजा दहा वर्षं हातात आहेत आणि आपण लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरनं बदलला. ही मुंगीची चाल झाली. दहा वर्षांत साडेएकतीस कोटी सेकंद असतात. नुसता गुणाकार केला तरी ३,१५० किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय वेग बदलला की कक्षाही बदलते, एका फेरीचा काळ बदलतो, आणि ती तफावत दर फेरीला साठत जाऊन साधारण तिप्पट होते. म्हणजे नऊ हजार किलोमीटरच्या पुढं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. एवढ्यात पृथ्वी सुटते.

हातात एकच वर्ष असेल तर हाच धक्का दहापट लागेल, महिना उरला असेल तर शंभरपटीहून जास्त. दुर्बिणीवर खर्च केलेला पैसा यानावरच्या खर्चाइतकाच मोलाचा आहे, असं मी म्हणतो ते या हिशोबामुळं.

त्यापेक्षा अणुबॉम्बनं फोडून का टाकत नाहीत?

फोडला तर एका दगडाचे अनेक दगड होतील आणि त्यांतले काही त्याच वाटेनं येतील. अणुस्फोटाचा जो मार्ग शास्त्रज्ञ मांडतात तो फोडण्याचा नाही : लघुग्रहापासून थोड्या अंतरावर स्फोट करायचा, त्या उष्णतेनं पृष्ठभागाचा पातळ थर वाफ होऊन उडतो आणि लघुग्रह दुसऱ्या बाजूला सरकतो. लघुग्रह फार मोठा असेल आणि वेळ फार थोडा, तर हाच उपाय उरतो. पण अवकाशात अण्वस्त्रं ठेवायला १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानं बंदी आहे आणि ती राहावी असंच मला वाटतं. लवकर शोधणं आणि हळू ढकलणं शिकलो, तर त्या करारावर बोट ठेवायची वेळच येणार नाही.

वळवणं समजलं. पण पकडायचं कशाला?

ज्याला ढकलायचं तो आतून कसा आहे हे माहीत नसेल, तर ढकल वाया जाते. आणि आतून कसा आहे ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

ऑसायरिस-रेक्स हे यान २० ऑक्टोबर २०२० ला बेन्नू या सुमारे ५०० मीटरच्या लघुग्रहावर नमुना घ्यायला टेकलं. दुरून बेन्नू टणक खडकाचा दिसत होता. यानाचा हात मात्र अर्धा मीटर आत गेला, ज्वारीच्या राशीत हात घालावा तसा. यानानं लगेच मागं उड्डाण केलं नसतं, तर ते आत रुतत गेलं असतं. नमुना एवढा भरला की डब्याचं झाकण लागेना. सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर उतरला तेव्हा तो १२१.६ ग्रॅम भरला. जपानच्या हायाबुसा-२ नं २०२० मध्ये रियूगूवरून ५.४ ग्रॅम आणले होते. चीनचं तियानवेन-२ मे २०२५ मध्ये अशाच कामगिरीवर निघालं. बेन्नू, रियूगू, इतोकावा हे तिघंही एकसंध दगड नाहीत. क्षीण गुरुत्वाकर्षणानं कसेबसे एकत्र राहिलेले ढिगारे आहेत. अशा ढिगाऱ्यावर यान आदळवायचं तर आधी त्याचा स्वभाव कळला पाहिजे.

यापुढची पायरी म्हणजे अख्खा छोटा लघुग्रह किंवा मोठ्यावरची एखादी शिळा उचलून चंद्राजवळ आणून ठेवणं. नासानं २०१३ मध्ये अशी मोहीम आखली होती. आधीचा विचार काही मीटरचा लघुग्रह मोठ्या पिशवीत बंद करून आणायचा होता. नंतर एका मोठ्या लघुग्रहावरून शिळा उचलायचं ठरलं. त्यातली एक कल्पना मला फार आवडते. शिळा उचलली की यान जड होतं. मग ते लघुग्रहाच्या शेजारी महिनोन्‌महिने तरंगत राहिलं, तर यानाच्या आणि शिळेच्या गुरुत्वाकर्षणानं लघुग्रह हळूहळू त्या बाजूला ओढला जातो. त्याच्याच अंगणातला धोंडा, त्यालाच ओढायला! ना धडक, ना स्फोट, आणि ओढ किती लागतेय ते रोज मोजता येतं. ही मोहीम २०१७ मध्ये रद्द झाली. माझ्या मते ती चूक होती.

त्यात सोनं-प्लॅटिनम असतं म्हणे?

काही धातूच्या लघुग्रहांत प्लॅटिनम गटातले धातू असतात हे खरं. पण 'अमुक लघुग्रह इतक्या लाख कोटींचा' या बातम्यांवर विश्वास ठेवू नका. एवढा माल बाजारात आला तर भाव कुठं राहतील, हे आपल्याकडच्या सोयाबीन विकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. खरं मोल पाण्याचं आहे. काही लघुग्रहांतल्या चिकणमातीसारख्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. ते काढून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले की यानाचं इंधन तयार, आणि ते पृथ्वीवरून वर चढवावं लागत नाही. टँकरनं पाणी आणलं की वाहतुकीचा खर्च पाण्याहून जास्त होतो, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको.

वळवताना चुकून दुसऱ्या देशावर पडला तर?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. लघुग्रह पृथ्वीला पूर्ण चुकवायच्या आधी ढकल अपुरी पडली, तर पडण्याची जागा पृथ्वीवरच्या संभाव्य पट्ट्यावरून सरकत जाते. एका देशावरचा धोका दुसऱ्यावर जातो. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो या खगोलशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये आणखी पुढचा इशारा दिला होता : जो लघुग्रह पृथ्वीपासून दूर वळवू शकतो, तो पृथ्वीकडंही वळवू शकतो. म्हणून ही विद्या एका देशाच्या मुठीत राहता कामा नये.

आम्ही जायकवाडीच्या खालची माणसं. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून नाथसागरात पाणी सोडायचं की नाही, यावर दरवेळी कोर्ट-कचेऱ्या आणि आंदोलनं होतात. भांडण सुरू झाल्यावर नियम शोधायला गेलं की प्रत्येकाला स्वतःचंच शिवार दिसतं. लघुग्रहाच्या बाबतीत निर्णय कुणी घ्यायचा, चूक झाली तर भरपाई कुणी द्यायची, हे आकाश स्वच्छ असताना ठरलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं दोन आंतरराष्ट्रीय गट काम करताहेत. एक इशारे देण्यासाठी, दुसरा मोहिमांच्या तयारीसाठी. सक्तीचा करार मात्र अजून नाही.

इथं प्यायला पाणी नाही, शेतकरी आत्महत्या करतोय. त्यात हे कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी कधी चिडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मीही घागर घेऊन रांगेत होतो.

हिशोब मात्र बघा. डार्ट मोहिमेचा सगळा खर्च सुमारे ३२ कोटी डॉलर, म्हणजे अंदाजे २,६०० कोटी रुपये. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रानं २०२३ मध्ये जवळपास एवढीच रक्कम मंजूर केली. सगळ्या जगानं वाटून घेतला तर हा खर्च कुठल्याही देशाच्या पाण्याच्या योजनेआड येत नाही. आणि ती पाण्याची रेल्वे आठवा. धरण कोरडं पडणार हे आधी दिसत होतं, रेल्वे मात्र कोरडं पडल्यावर आली. पाणी असो की लघुग्रह, आधी दिसलेल्या गोष्टीवर आधी हालायची सवय एकच आहे, आणि ती आपल्याला दोन्हीकडं लावून घ्यायची आहे.

औंढ्याच्या लायगोला लघुग्रह दिसतील का?

नाही. ते कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे. लघुग्रहांसाठी दुर्बिणी लागतात. लडाखमध्ये हानले इथली ग्रोथ-इंडिया दुर्बीण पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा माग घेते.

शाळेतली मुलं यात काही करू शकतात का?

हो, आणि फुकटात. लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मोहिमांत भारतातल्या शाळाही भाग घेतात. हवाईतल्या मोठ्या दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार फोटो मिळतात. ते संगणकावर एकामागून एक दाखवायचे. तारे जागच्या जागी राहतात, एखादा ठिपका सरकतो. तो सरळ रेषेत, सारख्या वेगानं सरकला तर नोंद करून पाठवायची. आमच्या शाळेत यासाठी एक जुना संगणक आहे आणि लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून तो वापरावा लागतो. दहापैकी नऊ ठिपके कॅमेऱ्यातल्या दोषाचे निघतात. तरी मुलं मधल्या सुट्टीत डबा खायचा सोडून तिथं बसतात.

पुढचा कुठला जवळून जाणार आहे?

अपोफिस. सुमारे ३४० मीटर व्यासाचा हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह याहून उंचावर फिरतात. आदळण्याचा धोका नाही, पुढच्या किमान शंभर वर्षांत नाही. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांना सरकत्या ताऱ्यासारखा दिसेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे वर्षच लघुग्रह-जागृतीसाठी जाहीर केलंय.

तो सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडं १४ एप्रिलची पहाट असेल, सव्वातीनच्या सुमाराची. म्हणजे आंबेडकर जयंतीची रात्र. मराठवाड्यात त्या रात्री कुणी झोपत नाही. आमच्या गावात रात्री बाराला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ मेणबत्त्या लागतात आणि पोरं पहाटेपर्यंत चौकातच असतात. त्या वर्षी शाळेची दुर्बीण आम्ही चौकात आणून लावणार आहोत, तीनच्या आधी.